मंगळवार ते मंगळवार

"सातच का?" लट्रीसनं विचारलं. आम्ही दोघी कॅन्टीनमध्ये कॉफीच्या रांगेत उभ्या होतो. लट्रीस औषध विभागात असते. कोणता डॉक्टर किती अँटिबायोटिक लिहितो यावर नजर ठेवणं हे तिचं काम, म्हणून आम्ही सर्जन मंडळी तिला फौजदारीणबाई म्हणतो. तिला ते ठाऊक आहे, आणि बहुधा आवडतंही. मी म्हटलं, "काय सातच का?" "तुझे दिवस गं. नाकातून कवटीच्या तळाशी जातेस, गाठ काढतेस, छान काढतेस, आणि पेशंटला घरी पाठवताना हातात सात दिवसांच्या गोळ्या. पाच का नाहीत? नऊ का नाहीत? यादी करतेय मी. बाकीच्यांचे पेशंट एका दिवसात मोकळे होतात. रेनाटा चार्नेकीचे मात्र सात." मी म्हटलं, "सातानं माझ्याकडं कुणी मेलं नाही म्हणून." "हे काय कारण झालं? माझी आजी गळ्यात लसणाची माळ घालायची. तीही लसणानं मेली नाही." रांगेतला पुढचा माणूस हसला, मीही हसले. कॉफी घेऊन लिफ्टपर्यंत आले तेव्हा लक्षात आलं, की मी पावलं मोजते आहे आणि सातावर आलं की पुन्हा एकपासून सुरू करते आहे.

त्या दिवशी सकाळपासून आमच्या समुद्राएवढ्या तळ्यावरून धुकं आलेलं होतं. मे महिन्यात मिलवॉकीत असं होतंच. चार रस्ते आत लोक अर्ध्या बाह्यांत हिंडतात आणि तळ्याकाठी कोट लागतो. लिफ्टच्या काचेतून बाहेर काहीच दिसत नव्हतं, नुसतं पांढरं. मला ते पांढरं आवडतं. माझं अर्धं आयुष्य अशाच ठिकाणी गेलं आहे. नाकात दुर्बीण घातली की आधी सगळं धूसर असतं, मग पाण्याची एक चिळकांडी मारली की पडद्यावर गुलाबी ओल्या भिंती उघडतात, एकामागं एक दालनं, आणि शेवटी ती कागदाइतकी पातळ हाडाची भिंत. तिच्या पलीकडं मेंदू श्वास घेतल्यासारखा हलत असतो. तिथं पोचलं की मला नेहमी वाटतं, आपण कुणाच्या तरी झोपेत शिरलो आहोत आणि आवाज न करता बाहेर पडायला हवं. पण आपण काही निर्जंतुक वाटेनं आलेलो नसतो. नाक म्हणजे घराची मोरी, आणि मोरीतून हात घालून देवघरात काम करायचं, असा हा धंदा आहे. मग माणूस घाबरणार नाही तर काय करणार. काम झालं की भोक बुजवायचं आणि गोळ्या लिहायच्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, सात दिवस. हे मी इतक्या वेळा लिहिलंय की आता मी लिहितही नाही. कॉम्प्युटरवर माझ्या नावाचा एक ठरलेला कागद आहे, त्यावर ते आधीच लिहिलेलं असतं आणि मी फक्त सही करते.

आणि सातच का, याला माझ्याकडं कारण होतं. लट्रीसला ते रांगेत सांगण्यासारखं नव्हतं, एवढंच. ते कारण म्हणजे अॅडेल श्रोडर. तेहतीस वर्षांपूर्वी मी लिंडक्विस्ट सरांच्या हाताखाली पहिल्या वर्षाला होते आणि अॅडेल ही आमची पेशंट होती. शबॉयगनच्या चीजच्या कारखान्यात काम करायची, हात मोठे आणि लालसर, हसली की खांदे हलायचे. गाठ काढल्यावर दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "डॉक्टर, घशात काहीतरी खारट लागतंय. मी समुद्र पाहिलेला नाही, पण असाच लागत असेल, नाही?" मला तेव्हा कळलं नाही. खारट लागतं ते मेंदूभोवतीचं पाणी असतं, आणि ते खाली गळतंय म्हणजे कुठंतरी भोक राहिलंय, हे मला पुस्तकात वाचून ठाऊक होतं, पण समोरची बाई समुद्राबद्दल बोलत असताना पुस्तक आठवत नाही. मी म्हटलं, "होतं असं," आणि पुढच्या खाटेकडं गेले. मेनिंजायटिसनं, मेंदूच्या आवरणाला संसर्ग होऊन, ती गेली; औषध लवकर बंद केलं म्हणून, असं मी सांगत आले. तिच्या नवऱ्यानं तिचा कोट घडी करून छातीशी धरला होता आणि लिफ्टचं बटण सापडत नसल्यासारखा भिंतीवर हात फिरवत होता. मी पुढं जाऊन बटण दाबलं नाही. तेव्हापासून सात दिवस. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, आणि मी तर माझ्या हाताखाली शिकलेल्या एकोणीस जणांना ताक फुंकायला शिकवलं. दर जुलैला नवा विद्यार्थी आला की त्याला अॅडेलची गोष्ट सांगायची, अगदी त्या खारट चवीसकट. गोष्ट ऐकून ते गप्प व्हायचे. गप्प झालेला विद्यार्थी मला फार आवडायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही.

लिफ्ट सहाव्या मजल्यावर थांबली ती मी दाबलं म्हणून. तिथं बर्नडीन कोझलिक होती. ती दोन दिवसांपूर्वी आली होती हे मला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. म्हणजे लट्रीसचा प्रश्न कोऱ्या मनावर पडला नव्हता, हेही खरं. बर्नडीन एकाहत्तर वर्षांची. दक्षिण भागातल्या पोलिश बेकरीत चाळीस वर्षं पाँचकी, ते सारण भरलेले गोल डोनट, तळून निवृत्त झालेली. माझी आई तिथूनच पाँचकी आणायची, जॅमची आणि आलुबुखारची, खोक्याला खालून तेलाचे डाग पडलेले. एप्रिलमध्ये मी तिच्या पिट्युटरी ग्रंथीवरची गाठ काढली. इतकी स्वच्छ निघाली की शेवटी मी माझ्याच हाताकडं कौतुकानं पाहिलं. एक थेंबही गळला नाही. आणि आता ती सहाव्या मजल्यावर एकटीच्या खोलीत होती, कारण सात दिवसांच्या गोळ्यांनी तिच्या आतड्यातले चांगले जंतू मारून टाकले होते आणि मोकळ्या घरात एक वाईट जंतू येऊन बसला होता. दिवसाला पंधरा-पंधरा वेळा जुलाब. पोट फुगलेलं. पोटाचे सर्जन दिवसातून दोनदा येऊन दाबून बघत होते. शुक्रवारपर्यंत उतार पडला नाही तर मोठं आतडं काढावं लागेल असं ते म्हणत होते. एकाहत्तराव्या वर्षी त्यातून माणूस उठतोच असं नाही.

दाराशी मी सवयीनं भिंतीवरच्या जेलखाली हात धरला. नर्स म्हणाली, "त्यानं नाही भागणार, डॉक्टर. याला साबण-पाणीच लागतं. आत जाताना पिवळा झगा, आणि बाहेर आलात की हात चांगले चोळून धुवा." मी काचेतून पाहिलं. बर्नडीन झोपली होती, तोंड किंचित उघडं, हात पोटावर. आणि मला तो फोन आठवला. आठवला कसला, आदल्या संध्याकाळपासून मी त्याला दाराबाहेर उभं केलं होतं, तो आत आला. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी तिचा फोन आला होता. मी दवाखान्यातच होते, नर्सनं माझ्याच हातात दिला. "डॉक्टर, नाक बरंय, पण पोट बिघडलंय हो. गोळ्या थांबवू का?" आणि मी, एका हातानं सँडविचचा कागद उलगडत, म्हटलं होतं, "थांबवू नका. कोर्स पूर्ण करायचा असतो." मी आत गेले नाही. झगा अंगात घातलेला पुन्हा काढला, नर्सला म्हटलं नंतर येते, आणि बुधवारी माझं ऑपरेशन नसतं म्हणून गाडी काढून लिंडक्विस्ट सरांकडं गेले. भ्याले म्हणून गेले. दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं, की पोरी, तुझं बरोबर आहे.

सर चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि उत्तरेला तळ्यावरच्या कड्याजवळ वृद्धांच्या घरात राहतात. खिडकीतून एरवी पाणी दिसतं, त्या दिवशी फक्त धुकं आणि मधूनमधून बोटींना सावध करणारा भोंगा. सर खुर्चीत बसून गोळ्यांच्या डबीशी खेळत होते, ती सात कप्प्यांची असते ना, प्रत्येक झाकणावर वाराचं अक्षर. मला पाहून म्हणाले, "रेनी. बुधवारी आलीस म्हणजे कुणीतरी मेलंय." मी म्हटलं, "नाही सर, अजून नाही." आणि सगळं सांगितलं. ते ऐकत होते की धुक्याकडं बघत होते, कळत नव्हतं. शेवटी मी लट्रीसचाच प्रश्न विचारला, "सर, सातच का?"

"मंगळवारमुळं," सर म्हणाले.

मला वाटलं, त्यांचं मन भरकटलं. मी म्हटलं, "नाही सर, गोळ्या. सात दिवस का?"

"तेच सांगतोय. ऐकायची घाई असते तुला, पहिल्यापासून. आपण ऑपरेशनं मंगळवारी दुपारी करायचो. नाकात कापडाची लांब पट्टी ठासून भरायचो, मलम लावून. ती काढायला तपासणीची खोली लागायची, पाणी ओढायचं यंत्र असलेली. तशी खोली खाली एकच होती आणि ती सगळा आठवडा त्या श्रवणयंत्रवाल्या ग्रिमच्या ताब्यात. भांडखोर माणूस. त्यानं मला एक वार दिला, मंगळवार सकाळ. म्हणजे पट्टी कधी निघणार? पुढच्या मंगळवारी. नाकात पट्टी आहे तोवर गोळ्या, असं तेव्हा सगळेच करायचे. मोज बघू." त्यांनी डबीची झाकणं बोटानं एकेक करून टकटकवली. "ग्रिमनं गुरुवार दिला असता तर नऊ झाले असते."

"पण अॅडेल," मी म्हटलं. माझा आवाज मलाच पोरकट वाटला. "अॅडेल श्रोडरमुळं आपण सात केले ना? तिला आधी बंद केल्या म्हणून."

सरांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. "कुणी बंद केल्या? तिला पहिल्या दिवसापासून चालू होत्या. शिरेतून, चांगल्या जबर. चालू असतानाच गेली ती. भोक राहिलं होतं, रेनी. मी नीट बुजवलं नव्हतं. भोकाला गोळी काय करणार?" मग म्हणाले, "मी तर हे सांगितलंही होतं सगळ्यांना, बैठकीत. तू नव्हतीस का?" मी होते. तिसऱ्या रांगेत. मग ते म्हणाले, "ग्रिम मेला, ठाऊक आहे का? खोली मात्र अजून त्याच्याच नावानं ओळखतात म्हणे," आणि हसले, आणि हसताहसता त्यांना डुलकी लागली. डबीतला बुधवार उघडा होता, आत दोन गोळ्या तशाच होत्या. मी नर्सला सांगून निघाले.

परतताना मी तळ्याकाठच्या रस्त्यानं आले. समोरच्या गाडीचे दोन लाल दिवे तेवढे दिसत होते. मी त्यांच्या मागोमाग जात राहिले, तेही कुणाच्या तरी मागोमाग जात असतील. अॅडेलची खोली मला आता हळूहळू दिसायला लागली, दुर्बिणीवर पाणी मारल्यासारखी. खिडकी, खिडकीत तिच्या बहिणीनं आणलेली ट्यूलिप, खाटेशेजारी सलाइनचा खांब. खांबावर दोन पिशव्या. मोठी एक आणि छोटी एक, छोटीला अँटिबायोटिकची नारिंगी चिठ्ठी. छोटी पिशवी दर आठ तासांनी बदलायची असते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नर्स दुसरीकडं अडकली होती आणि ती पिशवी मी बदलली होती. मी. माझ्या हातानं. अॅडेल म्हणाली होती, "डॉक्टर असून तुम्ही हे करता?" आणि मला बरं वाटलं होतं. तेहतीस वर्षं मी ही गोष्ट सांगत आले आणि त्यातली ती पिशवी उतरवून ठेवत आले. कारण पिशवी गोष्टीत राहिली असती तर मागं फक्त खारट चव राहिली असती, आणि ती चव तिनं मला सांगितली होती, सरांना नाही. त्या दिवशी मी नुसतं पुढच्या खाटेकडं न जाता एक फोन केला असता तर भोक बुजवता आलं असतं. मग सात दिवस कशाचे? ते माझ्या लाजेचे होते, आणि मी ते दुसऱ्यांच्या आतड्यांतून फेडत होते. आणि सातानं माझ्याकडं कुणी मेलं नाही असं मी म्हणते खरी, पण आता नाकात पट्टीसुद्धा नसते. आम्ही भरतो ते आपोआप विरघळतं. काढायला कुणी मंगळवारी येत नाही. पट्टी गेली, ग्रिम गेला, तरी मंगळवार राहिला.

गाडी लावून मी सरळ सहाव्या मजल्यावर गेले. झगा, हातमोजे. दुपार कलली होती. बर्नडीन जागी होती, बर्फाचा तुकडा चघळत होती. ताप थोडा उतरला होता, पोट मात्र तसंच होतं. मला पाहून तिनं खाटेवरची जागा थोपटली, बेकरीत गिऱ्हाइकाला खुर्ची दाखवावी तशी. "या डॉक्टर. नाक एकदम झकास आहे बघा. वास यायला लागला. नेमका आत्ताच, या खोलीत." मी हसले नाही. मी म्हटलं, "बर्नडीन, तुमचं हे पोट माझ्या गोळ्यांमुळं बिघडलं."

"ते इथल्यांनी सांगितलं. औषधाचा परिणाम, म्हणाले. कुणाकुणाला होतो."

"होतो. एका दिवसाच्या औषधानंही होतो, ते हातात नसतं. पण जितके दिवस जास्त तितका धोका जास्त. तुम्हाला घरी गोळ्या द्यायची गरजच नव्हती."

ती बर्फ चघळायची थांबली. "किती लागत होत्या?"

"घरी एकही नाही."

"चौदा घेतल्या मी," ती म्हणाली. रागानं नाही; ती हिशेब जुळवत होती. "घड्याळ लावून घेतल्या. शेवटच्या चार तर कशा घेतल्या माझं मला ठाऊक, पोटात कळा यायच्या. तुम्ही म्हणालात पूर्ण करा, म्हणून न्हाणीघरात बसून घेतल्या." मी म्हटलं, "हो. मी म्हणाले." मग तिनं तोच प्रश्न विचारला, सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत हळू, "मग सात कशाला दिल्या?" मी तिला सांगितलं. ग्रिम, खोली, मंगळवार. अॅडेलचंही सांगितलं, या वेळी पिशवीसकट. बर्नडीन छताकडं बघत ऐकत होती. रडू मला येत होतं, आणि ते तिच्यासमोर येऊ देणं म्हणजे तिच्यावर आणखी एक काम टाकणं, म्हणून मी गिळत होते.

"आमच्या बेकरीत," ती म्हणाली, "पिठात एक बटाटा घालायचे. चाळीस वर्षं मीही घातला. मालकाच्या आईला विचारलं, का? तर म्हणाली, युद्धात पीठ पुरायचं नाही म्हणून." ती हसायला गेली आणि पोट धरून थांबली. मी तिचा हात धरला, हातमोज्यातून. "पण बटाट्यानं कुणाचं आतडं जात नाही, डॉक्टर."

"नाही जात."

"मला माफी-बिफी मागू नका आत्ता. मला त्यात बोलायला लागेल आणि अंगात त्राण नाही. तुमच्या हाताखाली किती जण शिकले?"

"एकोणीस."

"ते किती देतात?"

"सात. मी शिकवलं तेच."

"मग बस इथं," ती म्हणाली, आणि तिनं मला एकेरीवर आणलं हे आम्हा दोघींनाही एकदमच जाणवलं. "बस पोरी, आणि फोन लाव. माझ्यासमोर लाव. बाहेर गेलीस की तुला दुसरं काम निघेल."

मी दारातून नर्सला हाक मारली. तिनं माझा फोन पुसून एका प्लास्टिकच्या पिशवीत घातला, या खोलीत तसंच करावं लागतं. मी खुर्ची ओढली. पहिला थॅड. तो माझा पहिलाच विद्यार्थी, आता तुल्सात मोठा सर्जन आहे, त्याच्याही हाताखाली मुलं शिकतात. हातमोज्यानं नंबर लागेना, तीनदा दाबावा लागला. बर्नडीननं खूण केली, आवाज मोठा कर.

"मॅडम!" थॅड म्हणाला. "किती वर्षांनी. सगळं ठीक ना?"

मी त्याला सांगितलं. एका पेशंटच्या खाटेशी बसून बोलते आहे, हेही सांगितलं. अॅडेलला औषध चालू होतं, मी तुला खोटं सांगितलं, मुद्दाम नाही पण खोटंच. सात हा आकडा एका खोलीच्या वेळापत्रकातून आला होता. ते दिवस बंद कर. पलीकडं शांतता झाली, अॅडेलची गोष्ट पहिल्यांदा ऐकून तो गप्प झाला होता तशीच.

"पण मॅडम," थॅड शेवटी म्हणाला, "मी सात नाही देत." शहाण्यानं आधीच कमी केले, मला वाटलं. "ती गोष्ट माझ्या मनातून कधी गेलीच नाही. स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा वाटलं, मॅडम सात म्हणतात, आपण आणखी जपून राहावं. मी तीन माझ्याकडून घातले. मी दहा देतो. माझी मुलंही दहाच देतात."

फोनच्या पिशवीवर माझ्या श्वासाची वाफ धरली होती. खिडकीत धुकं तसंच होतं आणि तळ्यावरचा भोंगा इथवर ऐकू येत होता. थॅड विचारत होता, मॅडम, ऐकताय ना? मी म्हटलं, ऐकतेय, आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, हळू, एकेक करून, त्यानं लिहून घेतलं म्हणेपर्यंत. मग फोन ठेवला. बर्नडीनचे डोळे मिटलेले होते, मला वाटलं तिला झोप लागली. मी उठायला गेले.

"कुठं निघालीस?" ती डोळे न उघडता म्हणाली. "अठरा राहिलेत."